तीनशे चार

महापे, एमआयडीसी, रात्रपाळी.
बाहेर मे महिना, आत बावीस अंश,
म्हणून खुर्चीच्या पाठीवर बारा महिने एक हिरवा स्वेटर.
कुणाचा ते कुणालाच माहीत नाही.
ज्याची पाळी, त्याचा.

जनरेटरवाले नाखवा दारातून डोकावतात.
"हर्षाली, या कपाटांत रात्रभर काय बोलनं चालतं गो?"

सांगते, काका. आधी ओळख.
तिकडून कुणीतरी म्हणतं, आहेस का?
हे म्हणतं, आहे, तू आहेस ना?
तिकडून, हो.
एवढं झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही.
"आमच्या सोयरिकीत याला दोन वर्षं लागली,"
म्हणून ते डिझेलची पातळी बघायला जातात.
पुढचं सांगायचं राहतं.

की मग मागणी येते, एका ओळीची. दे.
काय दे, कुठलं दे. खाली बारीक अक्षरांत
कुठल्या फोनवरून, कुठल्या भाषेत.
की हे यंत्र उद्धट नाही, विसराळू आहे.
उत्तर हातात पडलं की समोरचा पुसला जातो,
तोच परत आला तरी नवा.
म्हणून जाताना खिशात चिठ्ठी कोंबतं,
पुढच्या वेळी ही दाखवा, म्हणजे ओळखेन.
की उत्तराआधी आकडा असतो.
दोनशे म्हणजे घ्या.
चारशे चार म्हणजे असं इथं काही नाही;
कधीच नव्हतं की होतं आणि हलवलं, ते सांगत नाही.
पाचशे तीन, आत्ता नको, मग या.
हे मी ठाण्याच्या तहसील कचेरीतही ऐकलंय,
आकड्याशिवाय.

तिसऱ्या रांगेत, सातव्या कपाटात
पनवेलच्या एका लॅबचं मशीन आहे.
रात्री अकरा चाळीसला त्याच्याकडे कुणीतरी अहवाल मागितला.
पान गेलं. दोनशे.
पानावर बहुतेक एवढंच, की तपासणी चालू आहे.
अकरा बेचाळीसला तोच पत्ता.
मघापासून काही बदललं असेल तरच पाठव.
तीनशे चार.
म्हणजे, नाही बदललं. तुझ्याकडे आहे तेच बघ.
रिकामं पाकीट, वर नुसता शिक्का.

अकरा चव्वेचाळीस. तीनशे चार.
अकरा शेहेचाळीस.
दोन वाजता वाटलं, आता झोपेल.
दोन वाजून दोन मिनिटं. तीनशे चार.
मध्ये अर्धा तास काहीच नाही,
डोळा लागला असेल, किंवा कुणी हाक मारली असेल.
आणि तीन अकराला एका मिनिटात तीनदा.

मला माणूस दिसत नाही.
नाव नाही, दुखणं नाही.
दिसतो एक जुना फोन,
मराठी हवी, नसेल तर इंग्रजी चालेल,
आणि शेवटच्या ओळीत, जोडणी जिवंत ठेव.
ती ओळ सगळ्यांचीच येते.
फोन आपणहून लिहितो, माणसाला पत्ताही नसतो.
तरी मी ती दोनदा वाचली.

पाच बाराला, दोनशे.
एक्केचाळीस हजार बाइट, अठ्ठ्याऐंशी मिलिसेकंदांत.

पुढं त्या पत्त्यावरून काही आलं नाही.
यंत्र पंधरा सेकंद थांबलं
आणि नियमाप्रमाणे त्यानं जोडणी सोडली.

पारसिकचा खणलेला उतार राखाडी दिसायला लागला तेव्हा
नोंदवहीत लिहिलं, चूक शून्य, सर्व ठीक.
तीनशे चार चुकीत धरत नाहीत.
शेऱ्याचा रकाना रिकामा होता,
पेन तिथं थोडा वेळ टेकवून ठेवलं.

स्वेटर खुर्चीला घातला.
नाखवा हात पुसत आले.
रात्रभर लाइट गेली नव्हती,
त्यांचं इंजिन एकदाही लागलं नव्हतं.
"मग झोपायचं होतं की, काका."
"असं कसं," म्हणाले,
"बोलावनं आलं असतं तर?"