पाचवा धडा : उष्णता

फेब्रुवारी संपता संपता माझा फोन वाजायला लागतो.
भाऊ, कूलर खाली उतरवून द्या.
भाऊ, गवत बदलून द्या.
भाऊ, पंप गुणगुणते पण पाणी चढत नाही.
नेमके तेच दिवस दहावीचे.

सक्करदऱ्यात आमच्या दोन खोल्या :
एकीत गवताचे गठ्ठे, दुसरीत रुणाली,
मधे पडदा.
इकडे ताटी सळसळते, तिकडे पान.

मला वाटायचं, मदत म्हणजे आवाज न करणं.
टीव्हीवर चादर टाकली. तिचा मोबाईल माझ्या खिशात.
दुधात बदाम, गिऱ्हाइकाकडून उचल घेऊन.
आणि दर तासाला पडदा सारून,
"किती झालं?"
"होऊन राहिलं, बाबा."
पिवळ्या मार्करनं तिनं पुस्तक असं माखलं होतं
की न रंगवलेली ओळच उठून दिसायची.

सराव परीक्षेत विज्ञान : चाळीसपैकी अकरा.
मी ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहीत नाही.
कुंदा पोळी लाटता लाटता म्हणाली,
"तुमचे किती होते, तेही सांगा तिले."
गणितात एकोणीस. दीडशेपैकी.
पोरीला तोवर ठाऊक नव्हतं.
ती हसली नाही, हे मला जास्त लागलं.

त्या रात्री ती डोळे मिटून घोकत होती,
अप्रकट उष्मा, सापेक्ष आर्द्रता,
आरतीच्या चालीत, शब्दाला शब्द चिकटवून.
मी ताटीची तार पिळत होतो. हात थांबला.
"थांब. मले एक सांग.
पावसाळ्यात कूलर थंड काऊन करत नाही?
वीस वर्षं लोक मलेच भांडून राहिले."

तिनं पुस्तक उघडलं.
"पुस्तक ठेव. वाचता मलेही येते."

बराच वेळ ती पंख्याकडे बघत राहिली.
मग एक वाक्य. मग अर्धं. मग अडकली.
अडकली ती जागा मार्करखाली गुपचूप झोपली होती.
परत गेली, चार ओळी वाचल्या, पुस्तक मिटलं.
"हवेत आधीच पाणी भरलं असते ना, बाबा,
तर गवतातल्या पाण्यानं जावं कुठं?
ते उडलंच नाही, तर खोलीतली उष्णता नेईल कोण?"

मी गिऱ्हाइकांना सांगायचो, हवा जड झाली जी.
अर्धं बरोबर होतं.

तेव्हापासून माझ्या बिलबुकात मागच्या पानांवर
तिची उधारी लिहायला लागलो.
भिंगाचं सूत्र, बाकी.
कार्बनी संयुगं, बाकी.
तीन दिवसांनी वसुलीला जायचं,
दिलं तरी आठवड्यानं पुन्हा दार वाजवायचं,
कारण एकदा चुकतं केलेलं डोकं परत उसनं घेते.
मला उत्तर कळायचं नाही नेहमी.
पण ती कुठे थापा मारते, ते कळायचं.
गिऱ्हाइकांनी तेवढं शिकवलंय.

साडेदहाला दिवा बंद.
ती कुरकुरायची, सुहानी तर दोनपर्यंत जागते.
म्हटलं, जळालेले पंप माझ्याकडेच येतात,
सगळे रात्रभर कोरडे चाललेले.

विज्ञानाचा पेपर. रेशीमबागेत शाळेच्या फाटकाबाहेर
मी स्कूटरवर, बाहीला गवताची कुसळं.
बाकीचे आईबाप प्रश्नपत्रिका हिसकून घेत होते.
"आला का आपला प्रश्न?" मी विचारलं.
"नाही आला."
माझं तोंड उतरलं, तिचं नाही.

"पण वर्गात कूलर होता, बाबा. खिडक्या साऱ्या बंद.
मी मॅडमला म्हटलं, एक खिडकी उघडा,
नाहीतर ओली हवा इथंच बसून राहते."
"मग?"
"उघडली ना. मग थंड झालं."

गवताचा गठ्ठा तिनं मांडीवर घेतला.
नंदनवनला दोन कूलर बाकी होते.
वाटेत तिनं विचारलं,
पंप गुणगुणतो आणि पाणी चढत नाही,
ते काऊन?
मी सांगायला लागलो, आणि अर्ध्यात अडकलो.