ऑक्टोबरची परीक्षा

जुलैत, सोहारच्या बंदरात, क्रेनच्या केबिनमध्ये
छातीची डावी बाजू कुणीतरी पिळे घालून पिळली.
खाली परकार होता, म्हणून हे लिहितोय.

डिस्चार्जच्या कागदावर लिसम्मा सिस्टरने
एका आकड्याभोवती गोल केला. बत्तीस.
एका ठोक्याला हृदय किती रक्त पुढे ढकलतं, त्याचे टक्के.
मी म्हटलं, आमच्याकडे पस्तीसला पास करतात.
ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, शंभर कुणालाच नसतात,
साठ म्हणजे पहिला नंबर.
पस्तीसच्या वर नाही आलास तर डॉक्टर छातीत यंत्र बसवतील.
ऑक्टोबरला ये.

ऑक्टोबर. म्हणजे ही परीक्षा मला ठाऊक आहे.
सत्त्याऐंशी साली गणितात दिलेली,
गुहागरला, चार महिने बापाच्या नजरेला नजर न देता.

खोली नंबर चौदा माझा अभ्यास घेते.
गोळ्यांच्या डबीत सात कप्पे;
शनिवार भरलेला दिसला की लोबो आईवरून सुरुवात करतो.
गावी जाताना बॅगा तोलायचा काटा
आता रोज पहाटे मला तोलतो.
दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा,
अंगात पाणी साठतं म्हणे.
इथे, जिथे पाणी कॅनने विकत आणतो आम्ही.

परकारने आमटीतलं मीठ काढलं. सगळ्यांच्याच.
नऊ माणसं मुकाट जेवतात
आणि रात्री कपाटाआड लोणच्याच्या बरणीचं झाकण वाजतं.
मी दोन उशांवर झोपेचं सोंग घेतो.

ऊन उतरलं की समुद्राकाठी चालणं.
पहिल्या आठवड्यात दिव्याचे दोन खांब, मग पाच.
परवा अकराव्याशी थांबलो, दम लागला नव्हता तरी.
एक म्हातारा ओमानी जाळं सांधत बसलेला.
त्याने न बोलता खजूर पुढे केला.
मला चालतो की नाही, कुणालाच विचारलं नाही.

शालनला बत्तीस सांगितलेलं नाही.
"बरंय" एवढंच.
तिनेही तिच्या साखरेचं सांगितलं नव्हतं, मेहुण्याकडून कळलं.
तीस वर्षं फोनवर आम्ही
एकमेकांना असंच वर ढकलत आलोय.

आज गार जेल, काळोखी खोली.
पडद्यावर ते करडं काहीतरी, उघडमीट करणारं.
एक भिंत हलतच नाही.
बाकीच्या तिच्या वाट्याचंही ओढतायत,
मी बघत राहिलो, ओळखीचं वाटलं.

सिस्टर आकडा टाईप करतेय, चेहऱ्यावर काही नाही.
बाहेर बाकावर परकार, ड्युटी बुडवून,
एका हातात माझ्या चपला, दुसऱ्यात माझा फोन.
फोन वाजतोय. शालनच असणार, तिकडे दिवेलागण झाली.
त्याने उचलला.

सिस्टर, म्हटलं, दार उघडं राहू दे.
आणि जरा मोठ्याने सांगा.