बासष्ट बार

समुद्र इथून एकशे चाळीस किलोमीटर खाली राहिला.
मीठ काढून घेतलेलं त्याचं पाणी
आमच्या तिसऱ्या ठाण्यावर पोचतं ते दमून,
आणि आम्ही त्याला पुन्हा वर ढकलतो,
सहाशे मीटर, खाणीच्या तोंडापर्यंत.
मुख्य नळाला दाब हवा बासष्ट बार.
रात्रभर पडद्यावर तो हिरवा आकडा
वारा नसलेल्या खोलीतल्या ज्योतीसारखा.

"सगळं ठीक आहे, नेलिदा,"
एलिसेओ म्हणतो, कोकाच्या पानांचा चहा फुंकत.
ठीकच होतं.
फक्त तीन नंबरच्या पंपापाशी
रंग तापल्याचा वास येत होता.

हात लावला नाही. हाताची पाठ नुसती जवळ नेली,
आणि मागे घेतली.

शेजारी दोन नंबर ऊर फुटेस्तोवर पळत होता.
तीन नंबरही फिरत होता, पण त्याचं पाणी
कुठेच जात नव्हतं.
त्याच्या पुढची झडप, एकाच बाजूला उघडणारी,
पलीकडच्या दाबानं गच्च मिटलेली.
आत तेच पाणी, तेच, तेच.
लोणी कधीच न येणारं घुसळण.
आणि जादा पाणी परत सोडणारी बारकी वाट
मिठानं नाही, आळसानं अडकलेली:
मार्चपासून कुणी ती उघडून पाहिली नव्हती.

भांडण असं नव्हतंच.
एकाच नळावर दोन वितींच्या अंतरानं दोन दाबमापक,
प्रत्येक पंपाचा आपापला.
दोघांत फरक तीन दशांशाचा.
एकाला वाटायचं, अजून कमी आहे, पळ.
दुसऱ्याला वाटायचं, जास्त झालं, थांब.
दर सेकंदाला मागची बाकी पुढच्या हिशेबात धरत
एक पोचला शंभर टक्क्यांवर,
एक तळाला.
आणि बेरीज?
बेरीज बासष्ट.

कालामाला आईच्या घराचं भाडं
महिन्याच्या पाच तारखेला पुरतं पोचतं.
विल्मेर दोन तारखेलाच पाठवून मोकळा होतो,
माझा पगार तीनला.
मी विचारेपर्यंत त्याचं उत्तर आलेलं असतं:
"झालं गं. तू राहू दे."
आई म्हणते, माझी लेकरं गुणाची.
चार वर्षं झाली.
मी कुणाला सांगितलेलं नाही
की न दिलेला पैसाही माणसाला तापवतो.

पहाटे तीन वाजता दोन्ही नियंत्रक काढून घेतले हाती.
तीनचा वेग चढवला, टक्का टक्का.
एक्क्याऐंशी. काही नाही.
चौऱ्याऐंशी. काही नाही.
सत्त्याऐंशीच्या जरा पुढे
लोखंडात कुठेतरी खट्ट झालं.
एलिसेओनं कप खाली ठेवला.
झडपेचा पल्ला उचलला गेला होता,
दोन नंबरचे अँपिअर उतरू लागले,
आणि त्याचा आवाज, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा,
श्वास घेतल्यासारखा.

मग दोघांना एकच हुकूम, एकच वेग.
जात्याला दोघी बसल्या तरी खुंटा एकच असतो.

"पण खरा मापक कुठला?" एलिसेओ विचारतो.
"ठाऊक नाही."
"मग?"
"शनिवारी अंतोफागास्ताहून तपासणारा येईल.
दोन्ही खोटे निघतील कदाचित.
तोवर एकाचं ऐकायचं. दोघांनी."
त्यानं वहीत लिहिलं: ०३.४०. दाब बासष्ट. काही विशेष नाही.
मी खोडलं नाही.

उजेड फुटताना वाळवंट आधी राखाडी होतं,
मग एकदम तांब्याचं.
फोनवर विल्मेरला लिहिलं:
"भाडं आता नक्की किती आहे?"
पुसलं.
लिहिलं: "अर्धं सांग."
पाठवलं.
एक खूण उमटली, मग दुसरी. अजून निळी नाही.
तो खाली बंदरावर, पहिल्या पाळीचे बूट चढवत असेल.

जाता जाता तीन नंबरवर तळहात ठेवला.
कोमट.