चौऱ्याण्णव

पिको बेटावर घराच्या भिंती काळ्या दगडाच्या,
डोंगरानं कधीतरी ओकलेल्या, पाऊण मीटर जाड.
दोना एतेलव्हिना दारातच उभी, कमरेवर हात:
"पाचशेचे पैसे मोजते मी. पाचशे आहेत कुठे?"

मुलगा नोर्बेर्तू फॉल रिव्हरला,
समुद्रापलीकडे, जिथे या बेटाची निम्मी माणसं जाऊन बसलीत.
दर रविवारी तो पडद्यावर येतो
आणि "आई" म्हणता म्हणता तोंड उघडं ठेवून गोठतो.
"दंतवैद्यापुढे बसल्यासारखा," ती म्हणाली.
"मी वाट बघते. कधी मिनिटभर,
कधी दूध उतू जाईपर्यंत."

फायबर जिथून आत शिरते त्या डबीला
मी आधी लॅपटॉप जोडला: पाचशे तीन.
कंपनी निर्दोष. समुद्राखालची केबल निर्दोष.
मग राउटरच्या पाठीत वायर खुपसली:
चौऱ्याण्णव.
पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव.
हा आकडा मी झोपेतही ओळखतो.
पोर्ट शंभराचा, पाच-सहा वाटखर्चाला जातात,
मागून कितीही येवो, पुढे एवढंच.
आडात पाणी होतं, पोहराच पावशेराचा.
आणि स्वयंपाकघरात, दोन भिंतींपलीकडे,
जिथे ती खरोखर बसते:
अकरा.

"राउटर बदलावा लागेल," मी म्हणालो.
ती पहिल्यांदाच गप्प झाली.

तो त्यानंच पाठवलेला.
नऊ वर्षांपूर्वी, अमेरिकेहून आलेल्या खोक्यात
दोन स्वेटर, कॉफीचा डबा, साबणाच्या वड्या
आणि मधोमध, सदऱ्यात गुंडाळलेला हा.
चपट्या पात्यांचा परका प्लग,
त्याला गावातल्या दुकानातला जोड, जोडाला चिकटपट्टी.
"पहिलं वर्षभर," ती म्हणाली,
"तापला की साबणाचा वास यायचा याला."

मला सांगता आलं असतं
की मुलगा मुलाच्याच भेटीत अडकतोय.
मी म्हणालो, "दगड फार जाड आहे."
दगडाला नावं ठेवली तर कुणाला लागत नाही.

तासभर ड्रिल. पावावर काळी धूळ.
नवा राउटर बैठकीत, त्याचा जोडीदार चुलीशेजारी,
भिंतीच्या पोटातून दोघांमध्ये वायर.
जुना तिनं पदराच्या टोकानं नव्हे, ओल्या फडक्यानं
पाठीपोटासकट पुसला,
आणि पुन्हा प्लगला लावला. कशालाही न जोडता.
दिवे लुकलुकू लागले.
"राहू दे. वीज अशी किती खाणार?"

स्वयंपाकघरात मोजलं: चारशे सत्तर.
"आकडे नकोत. त्याला लाव."

तो आला. गोठला नाही.
"आई" हा शब्द त्यानं पुरा केला.
ती चष्मा चढवून पुढे सरकली.
हनुवटीवर इतकी वर्षं जे ठोकळे हलायचे
ती दाढी होती, अर्धी पांढरी.
मागे भिंत, भिंतीवर छतापासून उतरलेली ओल.
एकच खुर्ची.
खुर्चीवर कुठल्याशा गोदामाचा गणवेश, खांद्याशी उसवलेला.
(दारात, माझ्याशी भांडता भांडता, तिनं सांगितलं होतं:
मोठं घर आहे त्याचं, मागे बाग.)

ती काही क्षण नुसती बघत राहिली.
मला वाटलं, हा नवाही गोठला की काय.
मग म्हणाली, "जेवलास?"
"हो. आज किती स्वच्छ दिसतेयस तू!
माझा राउटर अजून चालतोय ना?"
तिनं मान वळवून लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं.
"न चालायला काय झालं?"

मी वायरी गुंडाळल्या.
पावतीवर बिघाडाचं कारण विचारलेलं असतं,
तिथे लिहिलं: भिंत जाड.