नवतप्यातलं अंदाजपत्रक

कोषागारात चौतीस वर्षं
लोकांची बिलं लाल शाईनं परत पाठवली,
म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आधी कारण लिहिलं:
नवतप्याचा तिसरा दिवस, दुपारी अडीच,
त्रिमूर्तीनगर, माझंच फाटक.
हातात दह्याचा डबा. फोन घरात, चार्जिंगला.
सत्तावीस मिनिटं मी बेल दाबत होतो.
आत कुंदा, आणि कुंदाच्या कानाशी कूलर,
उडायच्या आधी विमान धावतं तसा.
कानाचं यंत्र कपाटात आहे, डबीसकट.
"मला ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता."
दही कोमट झालं.
मीही.

निनादनं पुण्याहून यादी पाठवली.
आपोआप सरकणारे पडदे,
सोळा लाख रंगांचे दिवे,
फाटकावर कॅमेरा,
आणि एक डबी, जिच्याशी बोलायचं.
मी डबीशी बोलून पाहिलं त्याच्या फोनवरून:
"कूलर लाव जरा."
तिनं कोलारचं हवामान सांगितलं.
तिथे अठ्ठावीस अंश होतं. क्षणभर बरं वाटलं.
एकूण दोन लाख ब्याऐंशी हजार,
"आणि मामा, जीएसटी वेगळा."

आता जमेची बाजू.
मुदत ठेव सुटते जूनमध्ये: साठ हजार.
वजा घरटॅक्स, नऊ हजार चारशे.
वजा कूलरच्या ताट्या आणि पंप, सोळाशे.
वजा मोतीबिंदू, डावा डोळा (माझा), अठ्ठावीस हजार.
राहिले एकवीस.
एकवीस हजारांत किती हुशार होऊ शकतं
एक तीस वर्षांचं घर?

प्रशिक नंदेश्वर आला, टेस्टर कानावर.
बैठकीतला बोर्ड उघडला.
आतून एक वाळकी पाल पडली, आणि चिमूटभर
एकोणीसशे त्र्याण्णवची धूळ.
"काका, न्यूट्रलच नाही ना जी याच्यात.
हा नवा स्विच बंद असला तरी जागाच राहते.
त्याले सतत थोडं थोडं लागते."
मला समजलं. निवृत्त माणसाला हे
समजावून सांगावं लागत नाही.
एकोणीस बोर्ड, बोर्डामागे अकराशे,
वीस हजार नऊशे.
म्हणजे तार टाकून घर तयार होईल,
आणि हुशारी विकत घ्यायला शंभर रुपये उरतील.

त्या रात्री लाल पेन काढलं.
पडदे: नामंजूर. सुतळी कार्यरत आहे.
कॅमेरा: नामंजूर. समोरच्या ढोबळेबाई पुरेशा आहेत.
डबी: नामंजूर. घरात न ऐकणारं
एक माणूस आधीच मंजूर आहे.
हा शेरा कुंदानं वाचला,
आणि दोन दिवस भाजीत मीठ आलं नाही.

उरलं ते असं.
एक बोर्ड, कूलरचा. एक बल्ब, तिच्या खुर्चीवर.
फाटकाला एक बटण.
मजुरीसकट चार हजार सातशे.
बटण दाबलं की बल्ब लुकलुकेल
आणि कूलर एक मिनिट थांबेल.
दुसरी कल्पना प्रशिकची.
"कूलर थांबला की नागपुरात
मेलेला माणूसही उठून बसते, काका."
बल्बचा रंग कुंदानं ठरवायचा होता.
"संत्री सोडून कोणताही," ती म्हणाली.

परवा चाचणी घेतली.
भर दुपारी मुद्दाम बाहेर गेलो,
फाटक ओढून घेतलं, बटण दाबलं.
घरातलं विमान उतरलं.
इतक्या शांततेत मला
शेजारच्या टाकीत पडणारं पाणी ऐकू आलं,
आणि तिचा आवाज, खणखणीत:
"अहो, लाईन गेली काय?"
तिच्या डोक्यावर हिरवा बल्ब
जीव तोडून लुकलुकत होता.
तिनं वर पाहिलंच नाही.
ढोबळ्यांकडेही गेली का, हे पाहायला
खिडकीशी आली,
आणि तिला मी दिसलो.