दारातला ढीग

रात्री एकला आम्ही निघतो.
असाहिकावात तेव्हा जागे असतात फक्त सिग्नलचे दिवे
आणि डबाबंद कॉफी गरम ठेवणारं कोपऱ्यावरचं यंत्र.
चार गाड्या. पुढे माझी.
उणे एकवीस, आणि फाळाखाली
बर्फ कुरकुरतो जुन्या पलंगासारखा.

सहाला परत. बूट हीटरपाशी.
मग वही.
तीन ओळी, जास्त नाही; बोटं तेवढीच वाकतात.

सुरुवात कशी झाली ते सांगते.
पोस्टाच्या वळणावर रेन्यानं
फाळ न उचलताच गाडी मागे घेतली
आणि मी वायरलेसवर जे बोलले
ते चारही गाड्यांत घुमलं.
जिभेला हाड नसतं, वायरलेसला दार नसतं.
कुणी काही म्हणालं नाही. म्हातारा मुराकोशी
नुसता एकदा खोकला.
सकाळी ऑफिसच्या फॉर्मवर लिहिलं:
किलोमीटर अठरा, डिझेल इतकं, नुकसान नाही.
पेन तिथंच अडलं.
फॉर्म उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:
ओरडले. सगळ्यांनी ऐकलं. त्याचं वय बावीस.

दुसऱ्या दिवशी वही घेतली, शाळेतल्या पोरांची,
वर बेडकाचं चित्र. दुकानात तेवढीच उरली होती.

बर्फाचा नांगर हाकणाऱ्याला
एक गोष्ट पहिल्याच हिवाळ्यात कळते:
बर्फ नाहीसा होत नाही, बाजूला होतो.
रस्ता सगळ्यांचा मोकळा होतो
आणि ढीग कुणाच्या तरी दारात पडतो.
बहुतेक वेळा फुकाया आजोबांच्या.
वळणच तसं आहे.
म्हणून तीन ओळींतली एक रोज हीच:
आज ढीग कुणाच्या दारात?

कधी उत्तर असतं, फुकाया.
कधी मुराकोशी: सलग चौथी रात्र लावली,
त्याला नाही म्हणता येत नाही हे ठाऊक असून.
कधी माझी मुलगी. फोन तिचा होता, वाजू दिला.
एकोणीस जानेवारीला फक्त "झोप".
फेब्रुवारीत एका पानावर कपाचा गोल डाग
आणि डागाच्या आत "बरं चाललंय".
ते दुसऱ्या दिवशी खोडलं.

एका सकाळी फावडं घेऊन गेले फुकायांकडे.
आजोबा दारातच उभे. म्हणाले,
इगाराशीबाई, काल का नाही आलात?
त्या दिवशी लिहिलं: रागावले नाही. जवळजवळ.

मे महिन्यात नदीकाठच्या मैदानावर
शहरभरचा ओतलेला बर्फ काळा पडून वितळतो
आणि पोटातलं बाहेर येतं:
एक हातमोजा, सायकलची सीट,
कुणाची तरी पत्रपेटी, नावासकट.
त्याच आठवड्यात मी बेडकाची वही
पहिल्या पानापासून वाचली.
रेन्याचं नाव सतरा वेळा.
सोळा वेळा त्याची चूक.
एकदा: "पुलावर काच झाली होती. रेन्यानं माझ्याआधी ओळखलं."
हे त्याला सांगितलं होतं का मी?
वहीला सांगितलं होतं.

नोव्हेंबर. पहिली रात्र.
वायरलेसवर, चारही गाड्यांत ऐकू जाईल असं:
रेन्या, आज पुढे तू. पूल तुला आधी कळतो.
बराच वेळ नुसती खरखर.
मग "बरं", आणि त्याची गाडी
माझ्या खिडकीवरून पुढे सरकली.

तेरा हिवाळे मी पुढे होते.
मागून काय दिसतं ते आज पाहिलं:
उडालेला बर्फ, फिरता पिवळा दिवा,
आणि पुढचा माणूस कधी थांबेल
याचा काही म्हणजे काही अंदाज नाही.

सहाला परत. बूट हीटरपाशी.
नवी वही, हिच्यावर ससा आहे.
ढीग कुणाच्या दारात?
फुकाया. पुन्हा.
फावडं गाडीतच ठेवलंय.