अधिवासाचा रकाना

लळिंगच्या कुरणात, कार्तिक संपता संपता,
गवत गुडघ्याला खरचटतं त्या दिवसांत
मी पिवळं काही शोधत होतो.

पिवळं पुष्कळ होतं.
तरवड होता, पण तो झुडूप, दुरूनच हाका मारणारा.
एकदांडी होती: एका लांब देठावर एकच फूल,
पाच पाकळ्या, टोकाला कातरलेल्या.
परमुलखातून आली, आणि रेल्वेच्या खडीपासून
कॉलेजच्या पायरीपर्यंत इथलीच झाली.
तिला ओलांडलं.

मग काळ्या दगडाची ती भिंत,
कुणी न बांधलेली,
जमिनीखालून वर आलेली आणि सरळ निघालेली.
तिच्या सावलीच्या अंगाला, भेगेत,
मांडीएवढी उंच, बारीक काडी
आणि फांदी-फांदीच्या टोकाला पिवळं.

भिंग काढलं.
पानाला देठ नाही. बुडाशी दोन कान,
खोडाला बिलगलेले,
फटफटीवर मागे बसलेलं पोर
बापाच्या कमरेला धरतं तसे.
पाकळ्या दोऱ्यासारख्या. मोजायला घेतल्या,
विसाच्या पुढे वारा आला.
सोनकी म्हणावं, तर सोनकीच्या बोटांवर मोजून होतात.

झेलाबाई ठेलारी मेंढ्यांमागून आली.
वाकली नाही. काठीनंच दाखवलं:
"सोनकडी शे ती. मेंढी तिले तोंड लावत नही."
कुठे कुठे उगवते?
"जठे नांगर गया नही, तठे."
आणि बरंच पुढे गेल्यावर, वळून न बघता:
"आते धुंडनी पडस."

कागदावर डकवताना
स्थळ लिहिलं, तारीख लिहिली, संग्राहक म्हणून मी.
अधिवासाच्या रकान्यात आधी
'खडकाळ उतार, अर्धी सावली, कोरडं गवत',
मग ते खोडून तिचं वाक्य, तिच्याच बोलीत.
विभागप्रमुख म्हणाले, हे शास्त्रीय नाही.
मी 'हो' म्हणालो.
कागद बदलला नाही.

माघात कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास,
आणि दाबून सपाट केलेलं ते फूल
कुणाला न विचारता पिकलं होतं.
हात लागला तशा म्हाताऱ्या सुटल्या,
टेबलावर, माझ्या चष्म्यावर.
उठून पंखा बंद केला.

तरी एक खिडकीतून गेलीच.
खाली परवाच बसवलेले पेव्हर ब्लॉक.
मी वाकून पाहिलं,
दोन ब्लॉकांमधल्या फटीत वाळू होती.